वरच्या गावाला पाऊस, खालच्या गावाला निरोप

मृग नक्षत्र तोंडावर आलं की आपल्याकडे एकच धांदल उडते. सोयाबीनचं बियाणं उगवण तपासून ठेवायचं, खताची सोय बघायची, पाळी घालून रान तयार ठेवायचं, बांधबंदिस्ती उरकायची, गोठ्याचे पत्रे आवळायचे. ही सगळी तयारी आपण न सांगता करतो, कारण ती बापजाद्यांपासून चालत आलेली आहे. पण आणखी एक तयारी आहे, तिच्याकडे गावाचं लक्ष जात नाही. वादळी पाऊस, वीज आणि ओढ्याला अचानक येणारं पाणी यांच्यावर नजर ठेवणारी माणसं गावात तयार करणे, ही ती तयारी. आज त्याविषयी लिहायचं आहे.

आमचा तालुका बालाघाटच्या उतारावर. डोंगरमाथ्यावरचं पाणी लहान-मोठ्या ओढ्यांनी खाली येतं. उन्हाळ्यात या ओढ्यांत शेळीला प्यायला पाणी नसतं, आणि पावसाळ्यात एखाद्या दुपारी हत्ती वाहून जाईल असं पाणी येतं. अशाच एका ओढ्याकाठी चौदाशे वस्तीचं एक गाव आहे. नाव मुद्दाम देत नाही, गावकऱ्यांनीच तसं सांगितलं आहे. गाव आणि पक्का रस्ता यांच्यामध्ये एक फरशी पूल आहे. दूध, भाजीपाला, शाळेची पोरं, बाजारहाट, सगळं त्या फरशीवरूनच.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. हस्त नक्षत्र चालू होतं. गावावर आभाळ मोकळं होतं, ऊन पडलं होतं. पावणेसहाच्या सुमारास गावातला एक तिशीचा तरुण संध्याकाळचं दूध घेऊन मोटारसायकलवर संकलन केंद्राकडे निघाला. फरशीवर गुडघ्याच्या खाली पाणी होतं. रोजचा रस्ता, पायाखालची वाट. त्यानं गाडी घातली. मध्यावर गेला तेवढ्यात वरून लोंढा आला. गाडी, कॅन आणि माणूस, तिन्ही गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी दोन किलोमीटर खाली बाभळीच्या झुडपात तो सापडला. मागं बायको, लहान मुलगी आणि थोरला भाऊ.

सांत्वनाला मी गेलो, तेव्हा चौकशीत एक गोष्ट कळली आणि ती अजून माझ्या मनातून जात नाही. त्याच ओढ्यावर नऊ किलोमीटर वर एक वाडी आहे. तिथं चार वाजता धो धो पाऊस सुरू झाला होता. साडेचारला ओढा दोन्ही काठ धरून वाहत होता. वाडीतली माणसं ओसरीत बसून पाणी बघत होती. तेच पाणी खालच्या गावाला पावणेसहाला पोचलं. म्हणजे मध्ये सव्वा तास होता. त्या सव्वा तासात वाडीतून खाली एक फोन झाला असता, तर तो तरुण आज घरी असता. वाडीत फोन नव्हते असं नाही, घरटी एक होता. खाली निरोप द्यायचा असतो, हेच कोणाच्या ध्यानात आलं नाही.

आणि दोष वाडीला तरी कसा द्यावा? त्या दिवशी सकाळी हवामान खात्याचा नारिंगी इशारा माझ्या मोबाइलवर आला होता. मी तो शेतकऱ्यांच्या ग्रुपवर पुढं पाठवला होता. अडीचशे माणसांचा ग्रुप. सुप्रभात, देवाचे फोटो, बाजारभाव यांच्यामध्ये तो कुठं गेला कोणास ठाऊक. मी माझं काम झालं असं समजून दुसऱ्या गावाला पीक पाहणीला निघून गेलो. नंतर एका म्हाताऱ्या बाबांनी मला तोंडावर सांगितलं, "मेसेज तर रोजच येतेत, साहेब. त्यातला आपल्या वढ्याचा कोणता, ते कळावं कसं?"

बाबांचं बोलणं बरोबर होतं. हवामान खात्याचा इशारा जिल्ह्याचा असतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. शिवाय पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाजही खातं देतं. पण वळवाचा किंवा परतीचा एकेक गडगडाटी ढग फार तर पाच-दहा किलोमीटर रुंदीचा असतो, आणि बहुतेक वेळा तासाभरात उभा राहून, कोसळून, विरून जातो. एका शिवारात नांगर अडेल इतकं पाणी आणि शेजारच्या शिवारात धूळ, हे आपण दर साली बघतो. जिल्ह्याला दिलेला इशारा खरा ठरतो, पण नेमका कोणत्या ओढ्यावर, ते आधी सांगता येत नाही.

मग रडार कशाला असतं, असं कोणी विचारील. रडारचा फार उपयोग आहे, पण त्यालाही मर्यादा आहे. पृथ्वी गोल आहे आणि रडारचा किरण थोडा वरच्या दिशेनं सोडतात, त्यामुळे जितकं लांब जावं तितका तो जमिनीपासून उंच होत जातो. दीडशे किलोमीटरवर तो जमिनीच्या वर अडीच किलोमीटरहून जास्त उंचीवर असतो. ढगाच्या पोटात काय आहे ते त्याला दिसतं, पण आपल्या फरशीवर किती पाणी आहे ते दिसत नाही. ते दिसतं तिथं उभ्या असलेल्या माणसाला.

अमेरिकेसारख्या देशातही हीच अडचण आली. तिथं मोठाली वादळं होतात आणि रडारही भरपूर आहेत. तरीही तिथल्या हवामान खात्यानं १९७० च्या सुमारास 'स्कायवॉर्न' नावाचा कार्यक्रम उभा केला. शेतकरी, वाहनचालक, शिक्षक, हौशी रेडिओवाले अशा लोकांना थोडक्यात शिकवायचं. ढग कसा ओळखावा, गार किती मोठी ते कसं सांगावं, पाणी किती चढलं ते कुठं कळवावं. आज तिथं असे साडेतीन ते चार लाख स्वयंसेवक आहेत. त्यांना पगार नाही. जे दिसलं ते नेमकं आणि लगेच कळवायचं, एवढंच त्यांचं काम.

आपल्याकडेही राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची 'आपदा मित्र' योजना आहे. २०१६ साली ती ३० पूरप्रवण जिल्ह्यांत सुरू झाली आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाख स्वयंसेवक घडवण्याचं ठरलं. त्यांना बचावाचं शिक्षण मिळतं. पण बचाव ही पाणी आल्यानंतरची गोष्ट झाली. पाणी यायच्या आधी बघणारा आणि सांगणारा माणूस प्रत्येक ओढ्यावर हवा, आणि तो गावानंच नेमायला हवा.

पाण्याचा हिशेब

हे पाणी इतक्या झटकन कसं येतं, ते हिशेबानं बघा. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी, टंचाईतला एक टँकर. समजा, ओढ्याचं पाणलोट एक हजार हेक्टर आहे आणि ६५ मिलिमीटर पाऊस झाला. हा आकडा मुद्दाम घेतला, कारण चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर गेला की सरकारदरबारी अतिवृष्टी धरतात. आता निम्मं पाणी मुरलं, निम्मं वाहिलं असं धरा. वाहणारं पाणी होतं साडेबत्तीस कोटी लिटर. ते तीन तासांत फरशीवरून जायचं म्हटलं, तर सेकंदाला तीस हजार लिटर. म्हणजे दर सेकंदाला तीन टँकर फरशीवर उपडे होत आहेत असं डोळ्यांसमोर आणा. आणि रान आधीच भिजलेलं असेल, तर निम्मं मुरणारही नाही. म्हणून हस्तातला पाऊस मृगापेक्षा जास्त दगा देतो.

अशा वेगाच्या पाण्यात सहा इंच पाणी धडधाकट माणसाला पाडू शकतं. म्हणजे वीतभरापेक्षाही कमी. एक फूट पाणी लहान मोटार हलवतं आणि दोन फूट पाण्यात बहुतेक गाड्या वाहून जातात. मोठी गाडी आहे म्हणून धोका टळत नाही. २८ सप्टेंबर २०२१ रोजी यवतमाळ जिल्ह्यात उमरखेड तालुक्यातल्या दहागावच्या नाल्यावर एसटी बस पुरात वाहून गेली आणि माणसं दगावली. मोठ्या नदीचं तर विचारूच नका. नागपूर जिल्ह्यातलं मोवाड गाव ३० जुलै १९९१ च्या पहाटे वर्धा नदीच्या पुरात सापडलं, दोनशेवर माणसं गेली.

तीन गावांनी काय केलं

त्या तरुणाच्या दिवसकार्यानंतर त्याचा थोरला भाऊ माझ्याकडे पंचायत समितीत आला. सरकारी मदतीचे चार लाख मंजूर झाले होते, त्याची कागदपत्रं बघायला तो आला असेल असं मला वाटलं. त्यानं विचारलं ते वेगळंच. "साहेब, वरच्या वाडीत माझ्या मावशीचं घर आहे. तिला फोन करायला सांगितलं असतं तर चाललं असतं का?" मी म्हटलं, चाललं असतं. तिथून हे काम सुरू झालं.

ओढ्यावरच्या तीन गावांतून चौदा जणांची टोळी जमली. वरच्या वाडीत मेंढरं राखणारे एक धनगर मामा आहेत, त्यांना ढगाचं जेवढं कळतं तेवढं मला पदविका घेऊनही कळत नाही. मधल्या गावात शाळेचे गुरुजी आणि बचत गटातल्या दोघी ताई. खालच्या गावात तो भाऊ, एक ट्रॅक्टरचालक आणि पोलीस पाटील. प्रत्येकाला कामं वाटून दिली.

पहिलं काम बघायचं. दुपारनंतर उकाडा वाढला, वारा पडला आणि क्षितिजावर ढग कोबीच्या गड्ड्यासारखा भराभर वर चढू लागला की सावध व्हायचं. त्याचा माथा लोहाराच्या ऐरणीसारखा सपाट पसरला म्हणजे ढग तयार झाला. मग एकाएकी गार वारा अंगावर आला की पाऊस फार लांब नाही. गारा पडल्या तर "मोठ्या पडल्या" असं सांगायचं नाही. हरभऱ्याएवढ्या, बोराएवढ्या की लिंबाएवढ्या, ते सांगायचं.

दुसरं काम मोजायचं. सरळ उभ्या बाजूंचा पत्र्याचा डबा मोकळ्या जागी, झाड आणि भिंतीपासून लांब ठेवायचा आणि आत पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. रोज सकाळी साडेआठला एकदा, आणि जोराचा पाऊस चालू असताना आडोशातून निघता येईल तेव्हा अधूनमधून. इथं एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा डब्यातला आकडा नुकसानभरपाईला चालत नाही, त्यासाठी महसूल मंडळातल्या केंद्राचाच आकडा धरतात. हा आकडा आपल्या जिवासाठी आहे. फरशीच्या कडेच्या खांबावरही रंगाचे पट्टे मारले. पिवळ्या पट्ट्याला पाणी लागलं की लहान मुलं आणि दुचाकी बंद. लाल पट्ट्याला लागलं की सगळंच बंद.

तिसरं काम कळवायचं. निरोप चार गोष्टींचा असतो. कोण बोलतोय, कुठून, किती वाजता, काय दिसलं. "लई पाऊस आहे" हा निरोप नव्हे. "वाडीवरून बोलतोय, चार वाजून वीस मिनिटं, अर्ध्या तासात चाळीस मिलिमीटर, पाणी गढूळ झालं, काडीकचरा यायला लागला" हा निरोप. पाण्याचा रंग बदलणं, त्यात पालापाचोळा येणं आणि वरून घुमल्यासारखा आवाज येणं, या तीन खुणा लोंढ्याच्या आधीच्या आहेत. त्या दिसल्या की बघत थांबायचं नाही.

पहिली रंगीत तालीम घेतली तेव्हा वाडीवरून निघालेला निरोप खालच्या फरशीपर्यंत पोचायला बावीस मिनिटं लागली. एकाचा फोन घरी चार्जिंगला, एक बंद, एकाची सून उचलून म्हणाली, "मामा रानात गेलेत." मग प्रत्येक माणसामागं एक बदली माणूस नेमला. दुसऱ्या खेपेला सहा मिनिटं लागली. वीज गेली की टॉवरही जातो, हे गृहीत धरून मधल्या गावातून मोटारसायकल पाठवायची सोय ठेवली. खालच्या गावात शिट्ट्या आणि बॅटऱ्या आणून ठेवल्या, देवळाच्या भोंग्याला वेगळी बॅटरी जोडली.

दोर लावायचा कोणी?

खरी अडचण पुढं आली. फरशीवर दोर लावून उभं राहायचं, पण अडवायचा अधिकार कोणाचा? पहिल्या वर्षी आषाढात वाडीचा निरोप आला म्हणून दोर लावला. तीन तास झाले, पाणी काही आलं नाही. पाऊस दुसऱ्या पाणलोटाला सरकला होता. एका शेतकऱ्याची भेंडीची गाडी अडकली, बाजार हुकला. त्यानं चारचौघांत शिव्या दिल्या, आणि त्याचं नुकसान खरं होतं. पुढच्या खेपेलाही पाणी आलं नाही. गावात कुजबुज सुरू झाली, की भाऊ गेल्यापासून याच्या डोक्यावर परिणाम झालाय.

तेव्हा ग्रामसभा बोलावली. सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि पोलीस पाटील हजर होते. ठराव झाला, की पाणी लाल पट्ट्याला लागलं किंवा वाडीचा पक्का निरोप आला की फरशी बंद. दोर पोलीस पाटलांच्या सांगण्यावरून लागेल आणि त्यांच्याच सांगण्यावरून निघेल. तहसील कार्यालयाला प्रत दिली. ज्याची भेंडी अडकली होती त्यानंच सूचना केली, की दोर लागणार असेल तर वाडीचा निरोप येताच माल आधी काढू द्या. ती सूचनाही ठरावात घेतली. असा राग धरलेल्या माणसाचंही ऐकलं तरच हे काम टिकतं.

गेल्या सप्टेंबरात तिसऱ्यांदा दोर लागला. या वेळी पाणी आलं, लाल पट्ट्याच्याही चार फूट वर. दोराच्या पलीकडे शाळेच्या पोरांची जीप उभी होती. चालक आधी घाई करत होता. पाणी बघून तो खाली उतरला आणि काही न बोलता दगडावर बसून राहिला. पोरं त्या रात्री पलीकडच्या वस्तीवर जेवली आणि सकाळी घरी आली.

वीज आणि आपण

पाण्याइतकीच वीज घातक आहे, आणि ती जास्त करून रानात काम करणाऱ्याला गाठते. साधा हिशेब ध्यानात ठेवा. वीज चमकल्यापासून आवाज येईपर्यंत आकडे मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीस मोजायच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, काम टाकून पक्क्या घरात जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर पडू नका. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेनं काढलेलं 'दामिनी' हे मोबाइलवरचं अॅप आसपास वीज पडत असेल तर सूचना देतं, ते प्रत्येकानं घ्यावं.

झाडाखाली थांबू नये, हे सगळ्यांना पाठ आहे आणि सगळे झाडाखालीच थांबतात. चारी बाजूंनी उघडं पत्र्याचं शेड, बिनकेबिनचा ट्रॅक्टर, विहिरीचा काठ, विजेची मोटर, तारेचं कुंपण, यांतलं काहीच सुरक्षित नाही. माळावर सापडलात आणि आडोसा नसेल तर पाय जवळ घेऊन उकिडवे बसा, झोपू नका, घोळक्यानं राहू नका. जनावरं झाडाला बांधू नका. झाडावर वीज पडली की ती मुळाशी जमिनीतून पसरते आणि जनावराचे पुढचे-मागचे पाय लांब असल्यानं अंगातून जाते.

वीज लागलेल्या माणसाच्या अंगात वीज राहत नाही, त्याला हात लावायला भिऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबून श्वास चालू करण्याचा प्रयत्न करा आणि १०८ ला फोन लावा. घरगुती उपायांत वेळ घालवू नका. दुर्दैवानं माणूस दगावला तर मदतीसाठी शवविच्छेदन आणि पंचनामा लागतो. जनावर दगावलं तर पशुवैद्यकाचा दाखला घेतल्याशिवाय ते पुरू नका.

आता करायची कामं

शेतकरी बंधूंनो, आणि गावच्या कारभाऱ्यांनो, मृग निघायच्या आत एवढं करून घ्या. आपल्या ओढ्याच्या वर कोणती गावं, वाड्या, तांडे आहेत ते लिहून काढा आणि प्रत्येक ठिकाणच्या दोघांचे नंबर घ्या. आपल्या खाली कोण आहे तेही लिहा, कारण आपणही कोणाचं तरी वरचं गाव आहोत. फरशीच्या नळ्यांत अडकलेली बाभळीची खोडं आणि गाळ काढा. खांबाला रंग मारा. डबा ठेवा. ग्रामसभेचा ठराव करा. एकदा उजेडी आणि एकदा अंधारात तालीम घ्या, कारण रात्रीचं पाणी दिसत नाही. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा १०७७ आणि मदतीचा ११२ हे नंबर शाळेच्या आणि देवळाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. रंग, दोर, शिट्ट्या, बॅटऱ्या, याला फार पैसा लागत नाही.

नजर ठेवणाऱ्यांना एकच सांगणं. आधी स्वतःचा जीव. पक्क्या घराच्या दारातून बघा. ढग बघायला टेकडीवर चढू नका, पाणी मोजायला पाण्यात उतरू नका.

माझ्यापुरतं म्हणाल, तर मी आता इशारा नुसता ग्रुपवर टाकून मोकळा होत नाही. नारिंगी किंवा लाल इशारा आला की तिन्ही गावांतल्या एकेका माणसाला फोन करतो आणि त्यानं ऐकलं हे त्याच्या तोंडून वदवून घेतो. दहा मिनिटांचं काम आहे.

मागच्या आठवड्यात त्या फरशीवर गेलो होतो. थोरला भाऊ खांबाचे पट्टे नव्यानं रंगवत होता. मी विचारलं, यंदा कोणी भांडलं तर? ब्रश न थांबवता तो म्हणाला, "भांडू द्या की, साहेब. भांडलेला माणूस आठ दिवसांनी बोलायला तर येतो."